गिझरची टाकी गळाली, अ‍ॅनोड रॉड बदलला नव्हता : वॉरंटी संपते का?

प्रश्न : आम्ही राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये २५ लिटरचा गिझर घेतला. टाकीला सात वर्षांची वॉरंटी आहे. गेल्या महिन्यात टाकी गळू लागली आणि खालच्या फ्लॅटचे पीओपीचे छत भिजून पडले. कंपनीच्या मेकॅनिकने अ‍ॅनोड रॉड झिजल्याचे दाखवून ‘देखभाल केलेली नाही, वॉरंटी लागू नाही’ असे लिहून दिले. २०२३ मध्ये याच कंपनीच्या माणसाने पैसे घेऊन थर्मोस्टॅट बदलला होता, पण रॉडबद्दल तो काही बोलला नव्हता. आता जुना गिझर परत दिल्यास नव्यावर सूट देऊ, असे कंपनी म्हणते. शेजारी १८,००० रुपये मागत आहेत. चूक आमची आहे का?
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : सर्वांत आधी एक विनंती करतो. तो जुना गिझर कोणत्याही परिस्थितीत कंपनीला किंवा भंगारात देऊ नका. आपल्या प्रकरणातील मुख्य साक्षीदार ती टाकीच आहे, आणि सूट घेऊन ती हातची घालवली तर पुढे आपल्याजवळ मेकॅनिकच्या दोन ओळींखेरीज काहीही उरणार नाही. टाकी, काढलेला रॉड आणि रबरी गॅस्केट एका गोणीत बांधून माळ्यावर ठेवा. गळतीची जागा दिसेल असे फोटोही तारखेसह काढून ठेवा.

आता चुकीविषयी. टाकीच्या आतल्या लेपाला बारीक छिद्रे राहतात आणि तेथून पोलाद गंजू नये म्हणून मॅग्नेशियमचा रॉड, म्हणजेच अ‍ॅनोड रॉड, बसवलेला असतो. पोलादाऐवजी तो स्वतः झिजतो, हेच त्याचे काम. पाणी क्षारयुक्त असेल तर तो लवकर संपतो. आपल्या सोसायटीत महापालिकेच्या पाण्यात बोअरचे पाणी मिसळले जाते, असे आपण कळवले आहे. पाठवलेल्या फोटोत रॉडच्या जागी काडीएवढी तार आणि तिच्यावर पांढरे पोपडे दिसतात. त्यामुळे रॉड संपला होता, हे कंपनीचे म्हणणे मी खोटे म्हणणार नाही, आणि आपणही कंपनीला पाठवायच्या नोटिशीत ते नाकारू नये.

परंतु रॉड संपला होता म्हणून वॉरंटी संपली, असे आपोआप होत नाही. त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, रॉड ठरावीक काळाने बदलण्याची अट ग्राहकाला नीट कळवलेली असली पाहिजे. आणि दुसरी, टाकी त्याच कारणाने फुटलेली असली पाहिजे. आपल्या वॉरंटी कार्डावर ‘आवश्यकतेनुसार अ‍ॅनोड बदलावा’ एवढेच इंग्रजीत छापलेले आहे. किती महिन्यांनी, कोणी आणि ते कसे ओळखायचे, याचा एक शब्दही नाही. बंद टाकीच्या आतली वस्तू संपत आली आहे, हे घरातल्या माणसाला बाहेरून कळण्याचा मार्गच नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार हानी टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना न देणे, हेदेखील उत्पादकाच्या जबाबदारीचे कारण ठरते. आपला मुख्य आधार हाच राहील.

त्याहून मोलाची आहे ती २०२३ ची पावती. ती जपून ठेवा. थर्मोस्टॅट बदलायला आलेला माणूस झाकण उघडून गिझरपाशी बसला होता, पैसे घेऊन गेला, आणि दीड-दोन वर्षे वापरलेल्या गिझरचा रॉड तपासून घ्या, एवढेही त्याने सांगितले नाही. निष्काळजीपणामुळे किंवा करायचे ते न केल्यामुळे ग्राहकाचे नुकसान होणे ही कलम २(११) प्रमाणे सेवेतील त्रुटी आहे. स्वतःचा माणूस घरी येऊन गेल्यावर त्याच देखभालीचा दोष ग्राहकावर टाकणे मला अन्यायाचे वाटते, आणि ग्राहक आयोगापुढेही हे ठामपणे मांडावे.

दुसरी गोष्ट गळतीच्या जागेची. टाकी आतून गंजून छिद्र पडले असेल तर कंपनीची बाजू बरीच बळकट होते. पण पाणी वेल्डिंगच्या सांध्यातून येत असेल तर उत्पादनातील दोषाचा प्रश्न उभा राहतो. आणि ते फ्लॅंजच्या (टाकीच्या तोंडावरील झाकणाच्या) गॅस्केटमधून येत असेल तर टाकी फुटलेलीच नाही. नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल, तर कलम ३८ खाली आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तिचे शुल्क मात्र आधी तक्रारदाराने भरायचे असते. टाकी जपण्याचा आग्रह मी यासाठीच धरला आहे.

शेजाऱ्यांच्या मागणीबद्दल स्पष्टच लिहितो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेच्या आतील गळतीची दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची असते, आणि कंपनीशी आपला वाद आहे म्हणून शेजाऱ्यांनी थांबावे, असे त्यांना सांगता येणार नाही. दुरुस्तीचे पक्के बिल पाहून रक्कम ठरवा, ती बँकेतून द्या आणि पावती घ्या. ही रक्कम पुढे कंपनीकडे मागता येईल, पण येथे एक खाच आहे. उत्पादन दायित्वासाठी, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीसाठी, कायद्याने केलेल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द ती वस्तू आणि वॉरंटीच्या अटींच्या भंगामुळे झालेले मालमत्तेचे नुकसान वगळलेले आहे. म्हणून छताची मागणी केवळ वॉरंटीवर उभी करू नका. ती अपुऱ्या सूचना, उत्पादनातील दोष आणि सेवेतील त्रुटी यांवर उभी करा. गिझर बदलून किंवा किंमत परत मिळण्याची मागणी मात्र वॉरंटीवर करता येते. गिझरची मागणी मान्य होण्याची शक्यता मला चांगली वाटते. छताची रक्कम पूर्ण मिळेलच, असे मी म्हणणार नाही.

उत्पादक, विक्रेता आणि सेवा केंद्र या तिघांनाही स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून १५ दिवसांची मुदत द्या. मधल्या काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही वेळा प्रकरण तेथेच मिटते. उत्तर न आल्यास कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार दाखल करा. कंपनीचे कार्यालय परगावी असले तरी आपण येथे राहता, एवढे कलम ३४ खाली पुरेसे आहे. वस्तूसाठी दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि वकील लावण्याचीही सक्ती नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. ती आपण गळतीच्या दिवसापासूनच मोजा.

नवा गिझर बसवाल तेव्हा रॉड किती महिन्यांनी तपासायचा, हे विक्रेत्याकडून बिलावरच लिहून घ्या, बोअरच्या पाण्याची कल्पना त्याला द्या आणि प्रत्येक सर्व्हिसच्या पावतीवर ‘अ‍ॅनोड तपासला’ किंवा ‘बदलला’ अशी नोंद मेकॅनिकच्या सहीसह करून घ्या.