वाचकांचे प्रश्न : रॉयल्टी नेमकी कोणी भरायची?

मोबाइल, वायफाय, व्हिडिओ यांसारखी सगळीकडे चालणारी तंत्रे ठरलेल्या मानकांवर चालतात आणि त्या मानकांत अनेक कंपन्यांची पेटंटे गुंतलेली असतात. त्यांच्या रॉयल्टीबद्दल विदर्भातून आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : मी शेतातल्या मोटरपंपासाठी मोबाइल स्टार्टर बनवून विकतो. वर्षाला दीड-दोनशे जातात. आतापर्यंत 2जी मॉड्यूल टाकत होतो. त्यात जिओचे सिम चालत नाही म्हणून गिऱ्हाईक 4जी मागते. सप्लायर म्हणतो, 4जी टाकले की परदेशी कंपन्यांना रॉयल्टी लागते. किती, कोणाला? आणि 2जीला का नव्हती? (वरुड, जि. अमरावती)

उत्तर : 2जीलाही होती, तुमच्यापर्यंत कोणी आले नाही एवढेच. भारतात पेटंट अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे टिकते. 2जीचे म्हणजे जीएसएमचे पहिले नेटवर्क 1991 मध्ये सुरू झाले, त्यामुळे त्याच्या पायातली पेटंटे कधीच संपली. 4जीचे तसे नाही. नोकिया, एरिक्सन, क्वालकॉम, हुआवे अशा अनेक कंपन्यांची पेटंटे त्यात आहेत आणि प्रत्येकीचा हिशेब वेगळा. एकीला पैसे दिले म्हणून दुसरी गप्प बसत नाही.

मानक ठरताना या कंपन्या लिहून देतात की पेटंटाचा परवाना आम्ही रास्त, वाजवी आणि भेदभाव न करता देऊ. युरोपात हे काम एट्सी ही संस्था पाहते. पण 'रास्त' म्हणजे किती रुपये, हे त्या कागदात नसते, आणि सगळी भांडणे तिथूनच सुरू होतात. 5जी फोनसाठी नोकियाने जास्तीत जास्त 3 युरो जाहीर केले, तर एरिक्सनने 5 डॉलर आणि स्वस्त फोनसाठी अडीच डॉलरपर्यंत. आपल्याकडे मार्च 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लावा कंपनीला एरिक्सनसाठी सुमारे 244 कोटी रुपये भरपाई ठरवली, ती फोनच्या विक्री किमतीच्या 1.05 टक्के धरून.

विक्री किमतीवर, चिपच्या किमतीवर नाही. तुमच्या धंद्याला हीच गोष्ट बोचणारी आहे. समजा स्टार्टर 6,000 रुपयांना जातो आणि त्यात मॉड्यूल 1,000 रुपयांचे आहे. बाकी पैसा काँटॅक्टर, रिले, पत्र्याची पेटी आणि मजुरी यांचा. 1.05 टक्के पूर्ण किमतीवर लावले तर 63 रुपये, मॉड्यूलवर लावले तर साडेदहा. पत्र्याच्या पेटीवर नोकियाला पैसे का द्यायचे, हा प्रश्न जगभरच्या कोर्टांत गाजतो आहे. (हा दर फोनसाठी ठरलेला होता. तुमच्या यंत्राला तोच लागेल असे नाही, हिशेब कळावा म्हणून घेतला.) कधी बोलणी करायची वेळ आलीच, तर टक्केवारीपेक्षा दर नगामागे ठरावीक रक्कम मागा.

कायद्यात छोट्या उत्पादकाला वेगळी सूट नाही. मात्र दोनशे नगांच्या मागे वकील लावणे कोणाला परवडत नाही, हेही तितकेच खरे. त्या भरवशावर बसण्यापेक्षा चार गोष्टी आताच करा. मॉड्यूल अधिकृत वितरकाकडून जीएसटी बिलावरच घ्या. त्याला ईमेलने एकच प्रश्न विचारा : या किमतीत सेल्युलर पेटंटांचा परवाना आहे का, असल्यास कोणाकोणाचा? बहुधा 'नाही' किंवा गोलगोल उत्तर येईल, कारण पेटंटवाल्या कंपन्यांना परवाना मॉड्यूलवाल्याला नव्हे, तयार यंत्र बनवणाऱ्याला द्यायला आवडतो. तरी ते उत्तर जपून ठेवा. खरेदीच्या अटींत पेटंट दाव्याची जबाबदारी कोणावर टाकली आहे ते वाचा, पुष्कळदा ती गुपचूप तुमच्यावर असते. चौथी गोष्ट यंत्राच्या रचनेची. स्टार्टरमध्ये 4जी न टाकता फक्त आरएस-485 चे (तारेने संदेश देण्याच्या जोडणीचे) टर्मिनल द्या आणि गिऱ्हाइकाला एखाद्या नावाजलेल्या कंपनीचा तयार 4जी मॉडेम जोडून द्या. मग सेल्युलर यंत्र त्या कंपनीचे, तुमचे फक्त स्टार्टर. खर्च थोडा वाढतो, पण मोठी सरकारी ऑर्डर घ्यायची असेल तर हाच मार्ग सुरक्षित.

जाता जाता : 'लाइन आली की मॉड्यूल बंद पडते' या तक्रारीत नेहमी रेंजला दोष दिला जातो. सिम800 जातीच्या 2जी मॉड्यूलला 3.4 ते 4.4 व्होल्ट लागतात आणि टॉवरशी बोलताना ते क्षणभर 2 अँपिअरपर्यंत ओढते. बारीक वायर किंवा हलका पुरवठा असेल तर व्होल्टेज खाली बसते आणि मॉड्यूल रीसेट होते. मॉड्यूलच्या पायांजवळच 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. ज्या 4जी मॉड्यूलमध्ये 2जीची सोयही आहे, त्यालाही हे लागू.

प्रश्न : आमचे छोटे लॉज आहे. 'तुम्ही पाहुण्यांना वायफाय देता, त्यात आमचे पेटंट वापरले जाते, 15 दिवसांत 40,000 रुपये भरा' असा इंग्रजी ईमेल आला आहे. राउटर दुकानातून बिलावर घेतलेला आहे. काय करावे? (चिखलदरा)

उत्तर : पैसे भरू नका, काही सही करू नका, आणि ईमेल पुसूनही टाकू नका.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत इनोव्हेशियो नावाच्या कंपनीने 2011 च्या सुमारास कॉफीची दुकाने आणि हॉटेलांकडे अशाच मागण्या केल्या. अखेर राउटर बनवणाऱ्या कंपन्या मध्ये पडल्या आणि 2013 मध्ये न्यायालयाने वाजवी दर ठरवला : एका वायफाय चिपमागे 9.56 सेंट, म्हणजे दहा सेंटही नाहीत! तुमच्या 40,000 शी ताडून पाहा.

आधी ईमेलमध्ये भारतीय पेटंटाचा क्रमांक आहे का ते पाहा. अमेरिकी पेटंट भारतात चालत नाही. आपल्याकडे मंजूर पेटंटाचा क्रमांक बहुतेक सहा आकडी असतो. 2016 नंतरचा बारा आकडी क्रमांक दिसला, तर तो अर्जाचा असतो (पहिले चार आकडे वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा, मुंबईसाठी 2). अर्ज मंजूर होण्याआधी दावा लावता येत नाही. क्रमांक मिळाला की भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर 'इनपास' शोधात टाका, ते फुकट आहे. तिथे मालकाचे नाव, अर्जाची तारीख आणि पेटंट चालू आहे की नूतनीकरणाची फी न भरल्याने बंद पडले, हे दिसते. ईमेल पाठवणारा आणि मालक वेगळे निघाले, तर अधिकारपत्र मागा.

मग दोन ओळींचे उत्तर पाठवा : पेटंट क्रमांक, पेटंटातला कोणता दावा (क्लेम) आमच्या कोणत्या वापराला लागू होतो याचा तक्ता आणि परवान्याच्या अटी द्या. राउटरच्या बिलाची प्रत उत्पादक कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवून विचारा. पेटंट कायद्याच्या कलम 48 मध्ये 'वापर' हा शब्द आहे, तेव्हा हसण्यावारी नेऊ नका. पण परवानाधारक कंपनीचा माल रीतसर विकत घेतला की त्यावरचे पैसे पुन्हा मागता येत नाहीत. बिनबुडाच्या धमक्या येतच राहिल्या, तर कलम 106 खाली तुम्हीच जिल्हा न्यायालयात जाऊन मनाई आणि नुकसानभरपाई मागू शकता. मात्र 'आमचे असे पेटंट आहे' एवढेच कळवणे ही कायद्याने धमकी ठरत नाही. मुदत घालून पैसे मागणे वेगळे. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये बौद्धिक संपदेची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आहे. शोध कसा घ्यायचा हे शिकायचे असेल तर तिथे चौकशी करा.

प्रश्न : बीटी कपाशीच्या पाकिटावर जी रॉयल्टी घेत होते, ती हीच का? आता ती बंद झाली म्हणतात, मग पाकीट स्वस्त का नाही? (पांढरकवडा, जि. यवतमाळ)

उत्तर : जात एकच, घराणे वेगळे. बोलगार्ड-2 हे बीटी कपाशीचे तंत्र म्हणजे कोणत्या समितीने ठरवलेले मानक नव्हते, त्यामुळे रास्त दराचे वचनही कोणी दिलेले नव्हते. पण जवळजवळ सगळी कपाशी त्यावर गेल्यावर बियाणे कंपन्यांना दुसरा पर्याय उरला नाही, आणि परिणाम तोच झाला. शेवटी केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये किंमत नियंत्रणाचा आदेश काढला.

आता आकडे पाहा. 450 ग्रॅमच्या पाकिटावर 2016 मध्ये किंमत 800 रुपये, त्यात रॉयल्टी 49. 2018 मध्ये 740, रॉयल्टी 39. 2019 मध्ये 730, रॉयल्टी 20. पेटंटाचा अर्ज नोव्हेंबर 1999 चा, म्हणून ते नोव्हेंबर 2019 मध्ये संपले. 2020 मध्ये रॉयल्टी शून्य, किंमत मात्र 730 च. म्हणजे 2018 नंतर रॉयल्टीचे 39 रुपये गेले, तुमच्या खिशात आले 10. उरलेले बियाणे कंपनीकडे राहिले. पुढे तर भाव चढतच गेला, 2024 मध्ये तो 864 होता. रॉयल्टी हा किमतीतला एक घटक असतो. तो गळला तर वाचलेला पैसा ज्याची ताकद जास्त त्याच्याकडे जातो.

एक गैरसमज याच पत्रात आहे : 'पेटंट संपले म्हणजे एचटीबीटी (तणनाशक सोसणारी बीटी कपाशी) पेरायला हरकत नाही'. हरकत आहे. ते बियाणे पेटंटामुळे नव्हे, पर्यावरण कायद्याखालची परवानगी नाही म्हणून बेकायदा आहे. पाकीट खोटे निघाले तर भरपाईसाठी बिलही नसते. घरचे बियाणे राखणे, पेरणे, शेजाऱ्याला देणे किंवा विकणे हा शेतकऱ्याचा हक्क 2001 च्या वाण संरक्षण कायद्याच्या कलम 39 मध्ये आहे, फक्त ते ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. संकरित कपाशीची सरकी मात्र पुढच्या वर्षी तेच पीक देत नाही.

प्रश्न : लग्नाचे शूटिंग करतो. नव्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ गिऱ्हाइकाच्या विंडोज कॉम्प्युटरवर उघडत नाहीत, मायक्रोसॉफ्ट पैसे मागते. (दारव्हा)

उत्तर : कॅमेरा एचईव्हीसी म्हणजे एच.265 मध्ये रेकॉर्ड करतो आहे. त्याची पेटंटे एकाहून जास्त गटांत वाटलेली असल्याने सगळ्यांचा हिशेब जुळवणे किचकट झाले. म्हणून मायक्रोसॉफ्ट त्याचे एक्स्टेन्शन वेगळे विकते, अमेरिकेत 99 सेंटला. गिऱ्हाइकाला व्हीएलसी टाकून द्या, फुकटात चालेल. त्याहून बरे म्हणजे पेनड्राइव्हची प्रत एच.264 मध्येच काढा. हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या प्रोग्राममध्ये एमपी4, एच.264, गुणवत्ता आरएफ 20 ते 22 ठेवा. फाइल मोठी होईल, पण जुन्या टीव्हीवरही चालेल. कॅमेऱ्यातच एच.264 निवडले तर बदलण्याचा वेळही वाचतो, फक्त कार्ड लवकर भरते. कमी प्रकाशातल्या रात्रीच्या वरातीसाठी मात्र एच.265 च ठेवा, 10 बिटमध्ये रंग सुधारायला जागा मिळते.

प्रश्न : माझे मोबाइलचे दुकान आहे. कंपनीने रॉयल्टी भरली नसेल तर दुकानदारावर केस होते का? (हिंगणघाट)

उत्तर : पेटंट कायद्याच्या कलम 48 मध्ये 'विक्री'ही येते, तेव्हा होऊ शकते. प्रत्यक्षात पेटंटवाले ब्रँड आणि आयातदार यांच्याच मागे लागतात. पेटंट असल्याची माहिती नव्हती आणि माहिती असण्याचे कारणही नव्हते हे सिद्ध केले, तर कलम 111 खाली भरपाई द्यावी लागत नाही. ते सिद्ध करायला खरेदीची बिले लागतात. बिनबिलाच्या चोरवाटेने आलेल्या सेटवर हा बचाव चालत नाही, आणि त्यात जीएसटीवाले आधी येतील.