प्रशिक्षकाला बडतर्फ केल्यावर पेन स्टेटचे विद्यार्थी त्याच्याच बाजूने रस्त्यावर का उतरले?

आपण विचारले आहे की, 2011 मध्ये अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने बाललैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक जो पटर्नो यांना काढून टाकले, तेव्हा हजारो शिकली-सवरली मुले त्या पीडित बालकांना सोडून प्रशिक्षकाचा जयजयकार करत रस्त्यावर कशी उतरली, आणि ती माणसे आज काय म्हणतात. मी त्या वेळी तिथे पदव्युत्तर शिक्षण घेत होतो आणि त्या रात्रीचा बराचसा भाग पदपथावर उभा राहून पाहिला आहे, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

अत्याचाराचा आरोप पटर्नो यांच्यावर नव्हता, हे आधी सांगायला हवे. आरोपी होते त्यांचे जुने सहकारी जेरी सँडस्की, जे 1999 पर्यंत संघाच्या बचावफळीचे प्रशिक्षक होते आणि ज्यांनी 1977 मध्ये हलाखीतल्या मुलांसाठी ‘द सेकंड माइल’ ही संस्था काढली होती. ज्या मुलांना आधार द्यायचा त्यांच्यातूनच हा मनुष्य आपले सावज निवडत होता, आणि निवृत्तीनंतरही विद्यापीठाच्या क्रीडा इमारती त्याला सताड उघड्या होत्या. फेब्रुवारी 2001 मध्ये माइक मॅक्वेरी या तरुण साहाय्यकाने त्यांना एका लहान मुलासोबत शॉवरमध्ये पाहिले आणि दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, पटर्नो यांच्या घरी जाऊन सांगितले. पटर्नो यांनी ते रविवारी क्रीडा संचालक टिम कर्ली यांच्या कानावर घातले. मधला दिवस का जाऊ दिला, तर लोकांची शनिवार-रविवारची सुट्टी बिघडवावीशी वाटली नाही, असे त्यांनी पुढे ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरण्याइतका पुरावा आहे का हे तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर) साक्षीत सांगितले. (ही ओळ मला आजही गिळता येत नाही.) कर्ली यांच्याकडून गोष्ट उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ आणि अध्यक्ष ग्रॅहॅम स्पॅनियर यांच्यापर्यंत गेली आणि तिथेच मुरली. पोलिसांना कोणीही कळवले नाही.

सँडस्की यांना 5 नोव्हेंबर 2011 रोजी अटक झाली. त्यानंतर चौथ्या दिवशी, म्हणजे बुधवारी 9 नोव्हेंबरला, पटर्नो यांनी हंगाम संपल्यावर आपण निवृत्त होऊ असे सकाळी जाहीर केले. या प्रकरणात आपण अधिक काही करायला हवे होते, असे त्यांनी त्या निवेदनात म्हटले होते. विश्वस्त मंडळाला तेवढे पुरले नाही. त्याच रात्री दहाच्या सुमारास मंडळाने त्यांना आणि अध्यक्ष स्पॅनियर यांना पदावरून दूर केल्याचे जाहीर केले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या माणसाच्या घरी एक चिठ्ठी पोहोचवण्यात आली, तिच्यावर एक फोन नंबर होता. त्यांनी तो फिरवला आणि पलीकडून दोन वाक्यांत निरोप मिळाला.

मी तेव्हा प्रयोगशाळेतून घरी निघालो होतो. कॉलेज अव्हेन्यू हा विद्यापीठ आणि गाव यांच्या मधला रस्ता. एरवी रात्री तिथे पिझ्झाच्या दुकानांपाशीच काय ती गर्दी असते. त्या रात्री वसतिगृहांतून मुले अक्षरशः लोटली. काही जण पायजम्यावर, काही अनवाणी, आणि कित्येकांच्या डोळ्यांवर पटर्नो यांच्यासारखा जाड काड्यांचा खोटा चष्मा, जो तिथे सामन्याच्या दिवशी हौसेने घालतात. त्यांनी विजेचे खांब पाडले, दगड फेकले, आणि एका वृत्तवाहिनीची गाडी दहा-पंधरा जणांनी हलवत हलवत शेवटी आडवी केली. पोलिसांनी तिखटाचे फवारे मारले. माझ्या शेजारी उभी असलेली पहिल्या वर्षाची एक मुलगी हमसून रडत होती. तिला मी विचारले की तू आरोपपत्र वाचलेस का. तिने मान हलवली, नाही म्हणून, आणि म्हणाली, “पण जो-पांना असे फोनवरून काढायचे?” तिथे त्यांना सगळे जो-पा म्हणत, त्यातला ‘पा’ आडनावातून आला असला तरी ऐकणाऱ्याला तो बापच वाटतो.

ही मुलगी मला तुमच्या प्रश्नाच्या उत्तराचा अर्धा भाग वाटते. पटर्नो 1950 पासून त्या गावात होते आणि 1966 पासून मुख्य प्रशिक्षक होते. आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांवरून अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलची कल्पना येणार नाही: स्टेट कॉलेज या गावाची वस्ती तेव्हा सुमारे 42 हजार होती आणि तिथल्या बीव्हर स्टेडियममध्ये एक लाख सहा हजारांहून अधिक प्रेक्षक बसत. बडतर्फीच्या अकराच दिवस आधी त्यांनी 409वा विजय मिळवून सर्वोच्च पातळीच्या महाविद्यालयीन फुटबॉलमधला विक्रम केला होता. शिवाय हा माणूस खेळाडूंनी पदवी घेतलीच पाहिजे म्हणून आग्रही होता, साध्या घरात राहत होता, आणि त्याने व त्याच्या कुटुंबाने लाखो डॉलर देऊन ग्रंथालयाची नवी इमारत उभी करायला हातभार लावला होता. मी तिथे गेलो त्या पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या डेअरीत पीचचे आइस्क्रीम खाल्ले, ज्याचे नाव ‘पीची पटर्नो’ होते. हे पटर्नो कोण, हे मला दोन दिवसांनी कळले. अभ्यासाला बसायचे ते त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात. गावातल्या एका भिंतीवर थोरामोठ्यांचे प्रचंड चित्र होते, त्यात ते होते, आणि सँडस्कीही होते.

दुसऱ्या बाजूला ती मुले होती. ग्रँड ज्युरीच्या 23 पानी निष्कर्षपत्रात त्यांना नावे नव्हती, आणि नसणेच योग्य होते. ‘पीडित क्रमांक 1’पासून ‘पीडित क्रमांक 8’पर्यंत नुसते आकडे होते. त्यामुळे गर्दीच्या तराजूत एकीकडे रोज दिसणारा, सवयीचा, सुरकुतलेला चेहरा आणि दुसरीकडे आठ आकडे, असा मामला झाला. गर्दीला मुलांशी वैर नव्हते. मुले तिच्या डोळ्यांसमोरच नव्हती. मार्च 2011 मध्येच हॅरिसबर्गच्या ‘पॅट्रियट-न्यूज’ या वृत्तपत्राने सँडस्की यांची चौकशी चालू असल्याची बातमी छापली होती, जिच्या पाठपुराव्याला पुढच्या वर्षी पुलित्झर हा पत्रकारितेचा पुरस्कार मिळाला, पण ती आली तेव्हा गावात पान हलले नाही. बातमीत पटर्नो यांची नोकरी आल्यावर मात्र रस्ते भरले.

मंडळाचेही चुकले, असे माझे मत आहे. 32 जणांच्या त्या मंडळाला चौकशी चालू आहे याची कुणकुण आधी लागली असूनही त्याची काही तयारी नव्हती, आणि त्या रात्रीच्या पत्रकार परिषदेत ‘का’ या प्रश्नाचे धड उत्तर मिळाले नाही. कायद्याप्रमाणे वरिष्ठाला कळवणे एवढेच कर्तव्य होते आणि ते पटर्नो यांनी केले, असे समर्थक म्हणत होते आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरे होते. त्यांच्यावर कधीही गुन्हा दाखल झाला नाही. राज्य पोलिसांच्या प्रमुखांनी दोनच दिवसांपूर्वी सांगितले होते की कायदेशीर जबाबदारी पार पडली असेल, पण नैतिक जबाबदारीचा प्रश्न उरतो. मंडळाने हेच चार शब्दांत समोर येऊन सांगितले असते, तर गाडी उलटली नसती असे मी म्हणणार नाही, पण रडणाऱ्या त्या मुलीसारख्यांना विचार करायला काही मिळाले असते. बडतर्फीचा निर्णय मला योग्य वाटतो. तो कळवण्याची रीत मला आजही हलकी वाटते.

मी स्वतः कुठे होतो, हेही सांगायला हवे. सँडस्की यांच्या अटकेनंतरच्या रविवारी खोलीत गप्पा चालल्या असताना “त्यांनी वरिष्ठाला सांगितले, आणखी काय करायचे?” हे वाक्य मीच बोललो होतो. आमच्या घरात आणि पूर्वीच्या महाविद्यालयात मी हेच शिकलो होतो: गोष्ट वर कळवली की आपले काम संपले. पटर्नो यांना वरिष्ठ कोण, हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. कर्ली कागदोपत्री त्यांचे वरिष्ठ. 2004 मध्ये संघ हरत होता तेव्हा हेच कर्ली आणि स्पॅनियर पटर्नो यांच्या घरी जाऊन निवृत्तीची गोष्ट काढून आले होते, आणि पटर्नो यांनी त्यांना वाटेला लावले होते.

गुरुवारी मी ती 23 पाने वाचली. मॅक्वेरींचा भाग सर्वांना माहीत होता. माझ्या मनातून जात नाही तो दुसरा भाग आहे. 2000 सालच्या शरद ऋतूत त्याच इमारतीत रात्रपाळीला सफाई करणाऱ्या एका हंगामी कामगाराने सँडस्की यांना शॉवरमध्ये एका मुलासोबत पाहिले होते. तो इतका हादरला की सोबत्यांना त्याला काही होते की काय अशी भीती वाटली. सगळ्या कामगारांनी आपसात बोलून घेतले आणि कोणालाच काही सांगितले नाही, कारण नोकरी जाईल ही धास्ती. पुढे 2012 मध्ये माजी एफबीआय प्रमुख लुई फ्री यांनी विद्यापीठाच्या सांगण्यावरून केलेल्या चौकशीत यांच्यापैकी एकाने सांगितले की तक्रार करणे म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध जाण्यासारखे झाले असते. झाडू-पोछा करणाऱ्या माणसाला 2000 साली ज्या गोष्टीची भीती वाटत होती, ती मी अकरा वर्षांनी कॉलेज अव्हेन्यूवर डोळ्यांनी पाहिली. तो घाबरट नव्हता. त्याचा अंदाज बरोबर होता. ज्या मुलाच्या तक्रारीमुळे तपास सुरू झाला, त्याला त्या आठवड्यांत आपल्या शाळेत इतके टोमणे ऐकावे लागले की त्याने ती शाळा सोडली.

सारे विद्यार्थी मात्र त्या गर्दीत नव्हते, आणि हे बाहेर फारसे पोहोचले नाही. शुक्रवारी, 11 नोव्हेंबरला रात्री, ओल्ड मेन या मुख्य इमारतीसमोरच्या हिरवळीवर हजारो जण मेणबत्त्या घेऊन जमले. घोषणा नव्हत्या, एवढ्या माणसांत कोणाचा खोकलाही ऐकू येत होता. शनिवारी नेब्रास्काविरुद्ध सामना झाला, तेव्हा प्रेक्षक बाल-अत्याचारविरोधी चळवळीचा निळा रंग घालून आले, दोन्ही संघांचे खेळाडू मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून बसले, आणि 46 हंगामांत प्रथमच दुसऱ्या मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळलेला तो सामना पेन स्टेटने 17-14 असा गमावला. माजी विद्यार्थ्यांनी लैंगिक अत्याचारग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला पाच लाख डॉलरहून अधिक निधी जमवून दिला. बुधवारी खांबावर चढलेले काही चेहरे मी शुक्रवारी मेणबत्ती धरलेले पाहिले. दोन दिवसांत त्यांचे मतपरिवर्तन झाले, की दोन्ही भावना एकाच वेळी त्यांच्या मनात होत्या? मला दुसरे खरे वाटते.

पुढचे थोडक्यात सांगतो. पटर्नो 22 जानेवारी 2012 रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगाने वारले. भिंतीवरच्या चित्रात चित्रकाराने त्यांच्या डोक्यामागे तेजोवलय काढले; जुलैमध्ये फ्री यांचा अहवाल आला तेव्हा चित्रकारानेच ते पुसले. जूनमध्ये सँडस्की यांना 48 पैकी 45 आरोपांत दोषी ठरवण्यात आले व पुढे 30 ते 60 वर्षांची शिक्षा झाली. पटर्नो यांच्यासह चौघांनी प्रकरण दडपले, असा फ्री यांचा निष्कर्ष होता. पटर्नो कुटुंबाने तो खोडून काढणारा स्वतःचा अहवाल 2013 मध्ये आणला. स्टेडियमबाहेरचा पुतळा 22 जुलैला पहाटे ताडपत्री टाकून हलवण्यात आला. दुसऱ्याच दिवशी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने 6 कोटी डॉलर दंड केला आणि 1998 ते 2011 मधले सगळे विजय रद्द केले, ज्यांत पटर्नो यांचे 111 होते. जानेवारी 2015 मध्ये तडजोडीत ते विजय परत दिले. कर्ली आणि शुल्ट्झ यांनी 2017 मध्ये बालकांना धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला, आणि स्पॅनियर त्याच वर्षी दोषी ठरून 2021 मध्ये तुरुंगात जाऊन आले. पेन्सिल्व्हेनियाचा कायदाही बदलला: 2014 च्या अखेरीपासून शिक्षक वा प्रशिक्षकाने वरिष्ठाला सांगून भागत नाही, संशय आलेल्या व्यक्तीने स्वतः थेट यंत्रणेला कळवावे लागते.

आज लोक काय म्हणतात, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाला एक उत्तर नाही. बडतर्फीवर रागावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी 2012 पासून विश्वस्त मंडळावर आपली माणसे निवडून पाठवायला सुरुवात केली, आणि 2017 मध्ये पटर्नो यांचा मुलगा जे यालाच निवडून दिले. सप्टेंबर 2016 मध्ये विद्यापीठाने पटर्नो यांच्या पहिल्या सामन्याचा सुवर्णमहोत्सव स्टेडियममध्ये साजरा केला. स्टेडियममध्ये टाळ्या पडल्या आणि विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने अग्रलेख लिहून त्यावर टीका केली. हे लिहिणारे विद्यार्थी 2011 मध्ये शाळेत होते. ग्रंथालयावरचे नाव कायम आहे. माझ्या वर्गमित्रांच्या गटावर हा विषय वर्षातून एकदा, नोव्हेंबरमध्ये निघतो. दोघे अजूनही म्हणतात की म्हाताऱ्यावर अन्याय झाला. एकाने आता मुलगा झाल्यापासून बोलणे बंद केले आहे.