कूई : हाकेच्या टप्प्यातला शब्द

प्रश्न असा : ऑस्ट्रेलियन माणसाची 'कूई' म्हणजे आपलं 'हॅलो' का? आणि 'विदिन कूई' ही काय भानगड आहे?

हॅलो नव्हे हो, हाक आहे ती! पोरगं मेलबर्नला शिकायला गेलं की इकडे आईबाप मेसेजखाली 'कूई' लिहायला लागतात. लिहा बापडे, पण ती लिहायची गोष्टच नाही. 'कूऽऽऽ' खालच्या पट्टीत लांबवायचं आणि 'ई' एकदम वर फेकायची, तेव्हा कुठे ती झाडीतून पलीकडे पोचते.

शब्द सिडनी परिसरातल्या मूळ रहिवाशांच्या धारुग भाषेतला. अर्थ 'ये, इकडे ये'. चक्क आज्ञार्थ! तरी कोशकार 'उद्गारवाचक' असा शिक्का मारून मोकळे होतात. गोऱ्यांनी तो उचलला आणि रानात पांगलेल्यांना हुडकायला वापरला. १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, गिलगँड्रा नावाच्या गावातून सैन्यभरतीसाठी एक जथा पायी निघाला, वाटेत गावोगाव 'कूई' घालत सिडनीला पोचला तेव्हा २६३ जण झाले होते. त्यांनी शब्दाचा मूळ अर्थ कोशकारांपेक्षा चांगला ओळखला, असं माझं मत.

पण खरी गंमत 'विदिन कूई'त आहे. हाकेचं अंतर झालं! आपल्याकडे 'हाकेच्या अंतरावर' आहेच, पण त्याहून जुना पुरावा रोज तोंडात असतो : कोस. कोस आला संस्कृत 'क्रोश'वरून, आणि क्रोश म्हणजे ओरडणं. 'आक्रोश'मधला तोच. म्हणजे 'चार कोस चाललो' म्हणणारा मुळात चार हाका चाललेला असतो! यावर काही विद्वान नाक मुरडतात, की कोस म्हणजे साधारण दोन मैल, माणसाची हाक तेवढी जाते कुठे? मोटारींच्या गोंगाटात बसून हाकेचा पल्ला मोजणाऱ्यांनी शांत माळावरची हाक ऐकलेली नसते. शिवाय मापं पुढे ताणली जातातच. आणि 'गोरुत' या मापाचं काय करणार? गाईचं हंबरणं ऐकू येईल तेवढं ते अंतर. तिथे कुणी शंका काढत नाही, गाईवर विश्वास आहे, माणसावर नाही.

असो. बोलण्यात 'विदिन कूई' बहुधा नकारातच भेटतं : संघ विजयाच्या कूईतही नव्हता, म्हणजे विजयाच्या आसपासही फिरकला नाही. मराठीत वापरायचीच तर कृपा करून 'कूई केली' म्हणू नका. हाक मारतात, साद घालतात. मी कूई घालतो.