वाचक विचारतात : ‘ओन्ली यू’ची सात इंची रेकॉर्ड

प्रश्न : ‘ओन्ली यू’च्या माझ्याकडे दोन रेकॉर्ड आहेत. दोन्ही प्लॅटर्स या अमेरिकी गायकगटाच्याच, पण गाणं वेगवेगळं ऐकू येतं. एक बनावट आहे का?

उत्तर : बनावट नाही. हे गाणं त्यांनी दोनदा ध्वनिमुद्रित केलं. पहिल्यांदा १९५४ मध्ये, फेडरल कंपनीसाठी. ते मुद्रण तेव्हा पडून राहिलं. पुढे मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीला पेंग्विन्स हा गट हवा होता. दोन्ही गटांचं काम बक रॅम पाहत. प्लॅटर्सनाही घेणार असाल तरच, अशी अट त्यांनी घातली. रॅम यांचंच हे गाणं एप्रिल १९५५ मध्ये नव्याने मुद्रित झालं, जुलैत बाजारात आलं आणि अमेरिकेच्या पॉप यादीत पाचव्या, तर ‘आर अँड बी’ (रिदम अँड ब्लूज) यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते यश पाहून फेडरलनेही जुनं मुद्रण बाहेर काढलं. लेबल वाचा : मर्क्युरीच्या एकल रेकॉर्डचा (सिंगलचा) क्रमांक ७०६३३ आहे. ऐकायचं असेल तर हेच ऐका. गटाचे मुख्य गायक टोनी विल्यम्स पहिल्याच शब्दावर आवाज तोडून वर नेतात, ती जागा यात फार सुंदर लागली आहे.

प्रश्न : मर्क्युरीची रेकॉर्ड लावली की सूर हेलकावतो आणि मागे सतत खरखर असते. सुई बदलू का?

उत्तर : आधी हेलकावा मोजा. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या रेकॉर्डची एक फेरी १.३३ सेकंदांत होते. सूर तेवढ्याच अंतराने वरखाली होत असेल तर सुईचा दोष नाही, रेकॉर्ड केंद्रात बसलेली नाही. या रेकॉर्डचं भोक ३८ मिलिमीटरचं असतं आणि त्यात अडॅप्टर, म्हणजे भोक भरणारी चकती, बसवावा लागतो. तो सैल असला की रेकॉर्ड सरकते. केंद्रापासून ६० मिलिमीटरवरच्या खाचेत फक्त एक मिलिमीटरची चूक असली तरी सूर पाव अर्धस्वराहून जास्त चढतो आणि तितकाच उतरतो. लांबवलेल्या स्वरांवर उभ्या असलेल्या अशा गाण्यात हे कानाला लगेच टोचतं.

अडॅप्टर घट्ट असूनही टोनआर्म (सुई धरणारा दांडा) डावीउजवीकडे झुलत असेल तर भोकच मधोमध पडलेलं नाही. मग अडॅप्टर काढून रेकॉर्ड तशीच मॅटवर ठेवा, सुई वाजत असताना आर्म कुठे जास्त सरकतो ते पाहा, सुई उचला, रेकॉर्ड केसभर ढकला, पुन्हा ऐका. तीन-चार प्रयत्नांत जमतं. सुई खाली असताना ढकलू नका, खाच ओरखडेल.

खरखरीचं कारण वेगळं. १९५५ ची ही रेकॉर्ड मोनो (डावी-उजवी बाजू वेगळी नसलेली) आहे, म्हणजे आवाज खाचेच्या आडव्या हालचालीतच आहे. स्टिरिओ कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, उभी हालचालही वाचतं, आणि तिथे धूळ नि झीज यांचाच आवाज असतो. अँप्लिफायरवरचं मोनो बटण दाबा. संगणकावर उतरवत असाल तर डावी-उजवी बाजू निम्मी-निम्मी मिसळा. उभ्या हालचालीचा आवाज एकमेकांना खोडून टाकतो. एवढ्याने फरक पडला नाही तरच सुईकडे वळा : २५ मायक्रॉनची गोल टोकाची हवी. ७८ फेऱ्यांसाठीची जाड सुई या खाचेत उतरतच नाही, वरच्या कडा मात्र खरवडते.

धुताना डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी धुण्याच्या द्रवाचे दोन थेंब टाका, खाचेच्या दिशेने पुसा, लेबल कोरडं ठेवा. अल्कोहोल नको. त्या काळातल्या काही एकल रेकॉर्ड स्टायरीन या प्लास्टिकच्या असत, आणि हेच गाणं ७८ च्या लाखेच्या रेकॉर्डवर असेल तर अल्कोहोलने लाख विरघळते.

प्रश्न : गिटारवर हे गाणं वाजवतो, कॉर्ड बरोबर असूनही रंग येत नाही.

उत्तर : दोन जागा तपासा. एक, ठेका. मापात चार ठोके, आणि प्रत्येक ठोक्याचे तीन समान भाग; बहुतेक जण दोनच भाग करतात आणि गाणं कवायतीसारखं चालतं. दुसरी जागा, दुसरी कॉर्ड. सी पट्टीत सीनंतर ई सेव्हन येते, मग ए मायनर, पुढे एफ आणि जी सेव्हन. त्या काळच्या बऱ्याच गाण्यांत सीवरून थेट ए मायनरवर जातात, म्हणून हाताला तीच सवय असते आणि ई सेव्हन गळते. तिच्यातला जी शार्प हा सी पट्टीबाहेरचा स्वर आहे. तो अर्धस्वराने ‘ए’ या स्वरावर चढतो, आणि या चालीतली ओढ तिथूनच येते.