गोल्फमध्ये उन्हाळ्यात ग्रीनजवळून (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीजवळून) चिप करताना, म्हणजे चेंडू थोडा उडवून पुढे घरंगळू देताना, कधी चेंडू भर्रकन पलीकडे जातो, कधी क्लब (चेंडू मारायची काठी) आधी जमिनीवर आदळतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा क्लबची निवड. मे महिन्यात नागपूरची काळी माती दगडासारखी होते. सँड वेज म्हणजे वाळूतून चेंडू काढायचा क्लब. त्याचा बाउन्स, म्हणजे तळ पुढच्या धारेखाली जितका उतरतो तो कोन, साधारण १० ते १४ अंश असतो. कडक जमिनीवर त्याचा तळ उसळतो आणि पुढची धार थेट चेंडूच्या पोटात बसते. त्यापेक्षा कमी बाउन्सचा क्लब, पिचिंग वेज किंवा ८ नंबरचं आयर्न, घ्या.

उजव्या हाताने खेळत असाल तर पायांत वीतभर अंतर, सुमारे ६५ टक्के वजन डाव्या पायावर, चेंडू मधोमधपेक्षा जरा मागे, हात किंचित पुढे. वजन शेवटपर्यंत डावीकडेच हवं. चेंडू 'उचलायला' गेलात की वजन मागे सरकतं आणि दोन्ही चुका तिथूनच होतात.

ग्रीनच्या कडेपासून मीटरभर आत चेंडू टाका. पिचिंग वेजने हवेत एक भाग तर घरंगळत साधारण दोन, ८ नंबरने चार. उतारावर आणखी.

सरावाला चेंडूमागे वीतभर अंतरावर टॉवेलची घडी ठेवा. क्लब तिला लागता कामा नये.

पावसाळ्यात मात्र हीच माती धार गिळते, तेव्हा सँड वेजच बरा. चेंडू मध्यभागी घ्या, हात फार पुढे नकोत.