डागाळलेला भूतकाळ असलेल्या गुणी फुटबॉलपटूला क्लबने करारबद्ध करावं का?

तुम्ही विचारलं आहे की एखाद्या खेळाडूच्या पायात जादू आहे, पण मागे मारामारी, तुरुंग, दारू किंवा त्याहून वाईट काही आहे, तर व्यावसायिक संघाने त्याला घ्यावं का. माझं मत आहे, घ्यावं. पण 'तो गोल करतो' हे कारण त्यासाठी पुरेसं नाही, आणि गंमत म्हणजे क्लब जवळपास नेहमी तेच कारण देतात.

माझं मत 'घ्यावं' या बाजूला झुकण्यामागे एक गोल आहे. 12 मे 2013, इंग्लंडमधल्या वॉटफर्ड विरुद्ध लेस्टर या क्लबांचा सामना, प्लेऑफच्या म्हणजे प्रीमियर लीग या सर्वोच्च लीगमध्ये बढती ठरवणाऱ्या सामन्यांच्या उपांत्य फेरीतला दुसरा. जादा मिळालेली मिनिटंही संपत आलेली, दोन्ही सामन्यांची बेरीज 2-2. लेस्टरला पेनल्टी मिळाली. क्नोकार्टचा फटका वॉटफर्डच्या अल्मुनियाने पायाने अडवला, परत आलेल्या चेंडूवर क्नोकार्टने पुन्हा मारला, तोही अडवला. तिथून चेंडू सुटला तो थेट दुसऱ्या टोकाला. फोरेस्तिएरीचा क्रॉस, हॉगने डोक्याने खाली सोडलेला पास, आणि धावत आलेल्या वॉटफर्डच्या ट्रॉय डीनीचा सणसणीत फटका. जर्सी काढून तो थेट प्रेक्षकांत घुसला. तो गोल मी किती वेळा पाहिला असेल याला गणती नाही, आणि दर वेळी अंगावर काटा येतो.

याच डीनीला त्याआधीच्या उन्हाळ्यात, जून 2012 मध्ये, दहा महिन्यांची शिक्षा झाली होती. रस्त्यावरच्या मारामारीत त्याने एका माणसाच्या डोक्यात लाथ मारली होती. त्याच सुमारास त्याचे वडील कर्करोगाने गेले. जवळपास तीन महिने तो आत होता. बाहेर आल्यावर वॉटफर्डने त्याला ठेवलं. पुढे तो कर्णधार झाला, 2015 मध्ये संघाला प्रीमियर लीगमध्ये घेऊन गेला. पण माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. शाळा अर्धवट सोडलेल्या या माणसाने नंतर शालेय परीक्षा दिल्या, आणि आपण काय केलं हे तो आजही आडवळण न घेता सांगतो. परिस्थितीने मला असं केलं, असं म्हणत नाही.

शिक्षा भोगून आलेल्या माणसाला त्याला येणारं एकमेव काम करू द्यायचं नाही, असं म्हणणं मला पटत नाही. सुतार तुरुंगातून सुटून पुन्हा रंधा हातात घेतो तेव्हा आपण त्याला अडवत नाही. पण इथेच तुलना तुटते. सुताराच्या नावाची जर्सी घालून लहान मुलं शाळेत जात नाहीत. हजारो माणसं उभी राहून त्याच्या नावाने गाणी म्हणत नाहीत. फुटबॉलपटूला क्लब नोकरी देतो तेव्हा सोबत मानही देतो, आणि तो मान त्या खेळाडूमुळे ज्यांना इजा झाली त्यांनाही रोज बघावा लागतो. 'सगळ्यांना दुसरी संधी मिळायला हवी' हे वाक्य मला म्हणूनच अपुरं वाटतं. नोकरी हा हक्क मी मान्य करतो. मान मात्र परत कमवावा लागतो.

आता क्षमा आणि सुधारणा यांतला फरक बघा. आर्सेनलचा कर्णधार टोनी ॲडम्स डिसेंबर 1990 मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुरुंगात गेला. साधारण दोन महिन्यांनी सुटला, क्लबने लगेच परत घेतलं, त्या मोसमात आर्सेनलने लीगही जिंकली. वरवर पाहता किती छान गोष्ट! पण ॲडम्सची दारू सुटायला 1996 चा ऑगस्ट उजाडला. म्हणजे क्लबने त्याला पोटाशी धरल्यानंतरही जवळपास सहा वर्षं तो पीतच होता. बचावफळीत त्याची गरज होती, शनिवारी तो उभा राहत होता, तेवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं. रविवार ते शुक्रवार तो काय करतो हे कुणी फारसं विचारलं नाही. शेवटी आपण व्यसनी आहोत हे त्याने स्वतःच जाहीर केलं, आणि 2000 मध्ये व्यसन, जुगार अशा चक्रात सापडलेल्या खेळाडूंसाठी 'स्पोर्टिंग चान्स' ही उपचार संस्था काढली. जे काम क्लबांनी करायला हवं होतं, ते एका खेळाडूला करावं लागलं, हे मला फार लागतं.

दुसरी गोष्ट तराजूची. जून 2015 मध्ये लेस्टरने तीन तरुण खेळाडूंना काढून टाकलं. थायलंडच्या दौऱ्यात केलेली त्यांची अश्लील चित्रफीत बाहेर आली होती आणि त्यात वंशद्वेषी शेरे होते. त्यांतला एक तर खुद्द व्यवस्थापकाचा मुलगा. क्लबने गय केली नाही, बरोबर केलं. दोनच महिन्यांनी त्याच क्लबच्या जेमी वार्डीने कॅसिनोत एका माणसाला उद्देशून वंशद्वेषी शब्द वापरल्याचं चित्रण समोर आलं. त्याला दंड झाला, प्रशिक्षण घ्यायला लावलं, आणि तो खेळत राहिला. त्या मोसमात त्याने लीगमध्ये 24 गोल केले आणि लेस्टर विजेता झाला. दोन्ही प्रकार सारखे नव्हते हे मला मान्य आहे. वार्डीने माफी मागितली हेही खरं. तरी प्रश्न उरतोच की वार्डी राखीव संघातला कोवळा पोरगा असता, तर त्याच्या वाट्याला दंड आला असता की निरोपाचं पत्र? दुसरी संधी मिळायला हवीच, पण ती गोलांच्या संख्येवर मोजली जात असेल तर तिला संधी म्हणू नये, तो व्यवहार आहे.

आणि तो व्यवहार किती उघडा होऊ शकतो ते स्कॉटलंडमधल्या रेथ रोव्हर्सने दाखवलं. 31 जानेवारी 2022, बदल्यांच्या खिडकीचा, म्हणजे खेळाडू घेण्या-देण्याच्या मुदतीचा, शेवटचा दिवस. क्लबने डेव्हिड गुडविली या स्ट्रायकरला घेतलं. फौजदारी खटला त्याच्यावर चालला नव्हता, पण 2017 मध्ये दिवाणी न्यायालयाने त्याने आणि त्याच्या एका सहकारी खेळाडूने एका महिलेवर बलात्कार केल्याचा निष्कर्ष काढून एक लाख पौंडांची भरपाई देण्याचा आदेश दिला होता. हे सगळं क्लबला ठाऊक होतं. तरी विरोध सुरू झाल्यावर आलेल्या पहिल्या निवेदनाचा सूर असा होता की हा मुख्यतः फुटबॉलच्या दृष्टीने घेतलेला निर्णय आहे, खेळाडू गोल करणारा आहे.

मग काय झालं? जर्सीवर जिचं नाव होतं ती लेखिका वॅल मॅकडर्मिड हिने प्रायोजकत्व काढून घेतलं. क्लबच्या महिला संघाच्या कर्णधाराने दहा वर्षं खेळून क्लब सोडला. महिला संघ क्लबपासून वेगळा झाला. काही दिवसांतच अध्यक्षांनी माफी मागितली आणि गुडविली आमच्याकडून खेळणार नाही असं जाहीर केलं. त्या महिला कर्णधाराचा विचार माझ्या मनातून जात नाही. एका बाजूला पुढच्या काही सामन्यांतले संभाव्य गोल, दुसऱ्या बाजूला एका मुलीची दहा वर्षं, आणि हिशोब मांडताना ही दुसरी बाजू कुणाला दिसलीच नाही. ज्याने चूक केली त्याला संधी देण्याची किंमत, जिने काहीच केलं नव्हतं तिने मोजली.

अमेरिकन फुटबॉल या वेगळ्याच खेळात तर हा हिशोब आकड्यांत वाचता येतो. मार्च 2022 मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाने डेशॉन वॉटसन या खेळाडूला पाच वर्षांसाठी 23 कोटी डॉलरचा, पूर्ण हमीचा करार दिला. तेव्हा वीसहून जास्त महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे केले होते. त्याने आरोप नाकारले, फौजदारी आरोप दाखल झाले नाहीत, बहुतेक दावे तडजोडीने मिटले. पण कराराची रचना बघा. पहिल्या वर्षाचा मूळ पगार फक्त दहा लाख डॉलरच्या आसपास ठेवला होता, आणि निलंबन झालं की कापला जातो तो हाच पगार. पुढे 11 सामन्यांचं निलंबन आणि 50 लाख डॉलरचा दंड झाला, तरी निलंबनाच्या काळातला पगार जवळजवळ न गेल्यासारखाच. शिक्षा ठरण्याआधीच तिच्या फटक्याखाली गादी घालून ठेवलेली. असा करार करणारा क्लब 'आम्ही माणूस म्हणून त्याच्या पाठीशी आहोत' असं म्हणतो, तेव्हा मला त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

'मग आरोप झाला की कायमचा बाहेर' असं मी म्हणत नाही. शेफील्ड युनायटेड या इंग्लिश क्लबचा चेड एव्हान्स 2012 मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला, 2014 मध्ये सुटला, तेव्हा त्याला घेऊ पाहणारे क्लब लोकांच्या रोषापुढे एकेक करून मागे सरले. एप्रिल 2016 मध्ये ती शिक्षा रद्द झाली आणि ऑक्टोबरमध्ये फेरखटल्यात तो निर्दोष सुटला. हे प्रकरण आठवलं की मी जपून बोलतो. मात्र त्याच प्रकरणात तक्रारदार महिलेचं नाव इंटरनेटवर फोडणाऱ्या नऊ जणांना 2012 मध्येच न्यायालयाने भरपाई द्यायला लावली होती, हेही विसरता येत नाही. न्यायालय पुढे काहीही ठरवो, चाहत्यांची झुंड आधीच निकाल देऊन मोकळी होते. अशा वेळी आपल्याच चाहत्यांना आवरणं हे क्लबचं काम आहे, आणि ते काम करताना मी फार थोडे क्लब पाहिलेत.

तेव्हा क्लबच्या बैठकीत मला बसवलं, तर खेळाडूच्या गोलांचा तक्ता मी बाजूला ठेवायला सांगेन आणि आधी विचारेन की हाच माणूस सुमार खेळाडू असता तर आपण त्याला मैदान राखायचं काम दिलं असतं का? उत्तर 'नाही' असेल तर करार करू नका, कारण मग आपण माणसाला नाही, गोलांना माफ करतोय. उत्तर 'हो' असेल तर करारात उपचार, समुपदेशन, दारूची तपासणी, जे लागेल ते पहिल्या दिवसापासून लिहा, आणि ते मोडलं तर ऐन मोसमातही बाहेर काढायची तयारी ठेवा. कर्णधारपद, पोस्टर, शाळांच्या भेटी यांत त्याला लगेच पुढे करू नका. त्याने ज्याचं नुकसान केलं त्या माणसाला हवं असेल तर भेटा, नको असेल तर त्याला त्रास होणार नाही एवढं बघा. स्वतःशी झुंजणारा खेळाडू, म्हणजे दारू, जुगार, नैराश्य यांत सापडलेला, आणि दुसऱ्यावर हात टाकलेला खेळाडू, यांना एकाच 'वादग्रस्त' शब्दात कोंबू नका. पहिल्याला मी डोळे झाकून घेईन. दुसऱ्यासाठी मला वेळ लागेल, आणि बाईवर हात टाकलेल्यासाठी त्याहून जास्त.

आणि सही करण्याआधी आपल्या महिला संघाच्या कर्णधाराला फोन करा. परवानगी मागायला नाही, तर अशा माणसासोबत एकाच क्लबची जर्सी घालायला तिला काय वाटेल हे ऐकायला. रेथ रोव्हर्समध्ये 31 जानेवारीच्या सकाळी कुणी तो फोन केला असता, तर दहा वर्षं खेळलेली ती मुलगी कदाचित अजूनही त्याच क्लबकडून खेळत असती.