बाळाला ऐकू येतं, आईला नाही: सासूबाईंना आणि नवऱ्याला काय सांगायचं?

तू लिहिलंस की तू कर्णबधिर आहेस, तुझं बाळ पाच महिन्यांचं आहे आणि त्याला ऐकू येतं. सासूबाई रात्री त्याला स्वतःजवळ झोपवतात आणि तू हातांनी बोलत राहिलीस तर तो बोलायला शिकणार नाही असं म्हणतात. नवरा मधे पडत नाही. मीही जन्मापासून कर्णबधिर आहे. माझी दोन्ही मुलं ऐकणारी, आता मोठी झालीत.

रात्रीचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. बाळ रडलं की दिवा उघडझाप करणारं आणि उशीखालची चकती थरथरवणारं यंत्र मिळतं. बाळाचं अंथरूण तुझ्या हाताच्या अंतरावर ठेव, खोलीत मंद दिवा असू दे. सासूबाईंना मदत करायचीच असेल तर दिवसा करू देत. रात्री जाग आल्यावर त्याला तू दिसायला हवीस, ही गोष्ट सोडू नकोस.

बोलण्याबद्दलची भीती खूप जुनी आहे. १८८० मध्ये इटलीतल्या मिलानला भरलेल्या, कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांच्या परिषदेत शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करायचा ठराव झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे हात बांधले गेले. त्याबद्दल त्याच परंपरेतल्या परिषदेने जाहीर खेद व्यक्त केला तो थेट २०१० मध्ये, कॅनडातल्या व्हँकूव्हरला. सासूबाई जे बोलतात ते त्यांनीही कुठूनतरी ऐकलेलंच असणार, म्हणून त्यांच्यावर चिडू नकोस. पण ऐकूही नकोस. कर्णबधिर आईवडिलांची दहातली साधारण नऊ मुलं ऐकणारी असतात आणि ती दोन्ही भाषांत वाढतात. बोलणं त्याच्या कानावर वडील, आजी, शेजारी अशा सगळ्यांकडून पडेल. तुझी भाषा त्याला तूच देऊ शकतेस. २००१ मध्ये लॉरा-ॲन पेटिटो या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी कर्णबधिर आईवडिलांच्या ऐकणाऱ्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला: ही बाळं हातांनीही बडबडतात, आणि त्या हालचालींची लय नुसत्या हात हलवण्याहून वेगळी असते. तुझं बाळ आता त्याच वयात येतंय. त्याच्या हातांकडे बघत राहा, आणि त्याने काही केलं की लगेच उत्तर दे.

मला खरी काळजी वाटते ती तुझ्या नवऱ्याची. सगळे हसतात, तू विचारतेस काय झालं, आणि तो म्हणतो "काही नाही, नंतर सांगतो". ते नंतर कधी येत नाही. आज तू एकटी बाहेर राहतेस. तीन-चार वर्षांनी बाळ हे बघून शिकेल की आईला सगळं सांगायची गरज नसते. हे मी फार घरांत पाहिलंय. ओठांवरून समजतं, असं तो म्हणेल. त्याला आरशासमोर उभं करून आवाज न काढता "बाळ", "माळ", "पाळ" म्हणायला लाव. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात.

त्याने खुणांची भाषा आत्ताच शिकायला लागावं, बाळाच्या बरोबरीने. नाहीतर पुढे तुमच्या दोघांमधला दुभाषी ते लेकरूच होईल. डॉक्टरांकडे, शाळेत, तुमच्या भांडणातसुद्धा. दारावर कोण आलंय हे मुलानं सांगणं वेगळं आणि डॉक्टर आईच्या आजाराबद्दल काय म्हणाले हे सांगणं वेगळं. दुसरं काम मोठ्या माणसाचं आहे. दवाखान्यात दुभाषी माग, नसेल तर लिहून घे, पण मुलाला मधे उभं करू नकोस.

नवऱ्याला हे सगळं वाचायला दे. सासूबाईंशी बोलायचं काम त्याचं आहे, तू समोर असताना आणि तुला कळेल अशा भाषेत.